नंबर वन, पण कशात?

संपादक महोदय,

तुमच्या बिझनेसच्या पानावर अधूनमधून एक बातमी असतेच, अमुक टाइल्स कंपनीचा मार्केट शेअर वाढला, तमुक पाइपवाले नंबर वन झाले, सोबत रंगीत गोल चार्ट, आणि हे टक्के नेमके कशाचे ते शोधून सापडत नाही. मी बरीच वर्षं पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत प्लॅनिंगला होतो, असले चार्ट स्वतः बनवलेत, म्हणून लिहावंसं वाटलं.

मार्केट शेअर म्हणजे शाळेतला साधा अपूर्णांक. अंश कंपनीच्या वहीत असतो, आपण किती माल विकला ते बिलं सांगतात. सगळी गंमत छेदात आहे, कारण एकूण बाजार केवढा हे कोणाच्याच वहीत नसतं, ते बाहेरच्या आकड्यांवरून बांधावं लागतं. सरळ पद्धत म्हणजे देशातलं उत्पादन घ्यायचं, त्यात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची. ऐकायला सोपं आहे पण करायला बसलं की घाम फुटतो. आयातीचे आकडे कस्टम्सच्या एचएस कोडवर, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या मालाला दिलेल्या नंबरावर मिळतात, त्यातले पहिले 6 अंक जगभर सारखे, त्यातल्या पहिल्या चारांत सिमेंट 2523 आणि प्लास्टिकचे पाइप 3917. पण या 3917 मध्ये घरातला पाइप येतो, बागेतला होज येतो, आणि खोटं वाटेल पण सॉसेज भरायची कृत्रिम आतडीसुद्धा त्याच्यातच येतात! उपकोड न बघता सगळी बेरीज छेदात टाकली की आपण चक्क सॉसेजवाल्यांशी स्पर्धा करत बसतो.

दुसरा रस्ता बांधकामाच्या आकड्यांचा. परवानग्या किती निघाल्या, किती घरांचं काम सुरू झालं, एका घराला आपला माल किती लागतो, गुणाकार करा. इथे लोक वेळ विसरतात. सिमेंट पाया खणला की लगेच लागतं, टाइल्स, नळ, रंग हे सगळं शेवटी. म्हणजे आज निघालेली परवानगी सिमेंटवाल्याच्या या हंगामाच्या छेदात जाते, नळवाल्याच्या कदाचित वर्षभराने, आणि दोघांनी एकाच महिन्याचा आकडा वापरला तर निदान एकाचा शेअर तरी खोटा निघणार. शिवाय दुरुस्तीचा बाजार या परवानग्यांत फारसा दिसतच नाही, छपरं बदलणं, जुना नळ काढून नवा लावणं, याला कोण परवानगी काढतं?

आमच्याकडे एकदा नवीन मुलाने दुसऱ्या एका देशातल्या बाजाराचं शीट बनवलं. तिथे घरांचे मासिक आकडे हंगामाचा परिणाम काढून वार्षिक दराने छापतात, अमेरिकेतही तसंच करतात, म्हणजे या महिन्याच्या वेगाने वर्षभर काम चाललं तर इतकी घरं होतील असा तो आकडा. याने बाराही महिने घेतले आणि बेरीज मारली. बाजार बारापट झाला आणि 12 टक्क्यांचा आमचा शेअर 1 टक्का! मीटिंगमध्ये साहेब पाच मिनिटं सेल्सवाल्यांवर ओरडत होते, मग मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, बेरीज नाही सर, सरासरी. तो मुलगा पुढे आमच्यातला सगळ्यात चांगला ॲनालिस्ट झाला, ते जाऊ दे.

भावाचा घोळ तर रोजचाच. विक्री 10 टक्क्यांनी वाढली म्हणून पेढे वाटायचे, पण त्याच वर्षी भाव 12 टक्क्यांनी वाढलेला असला तर माल सुमारे 2 टक्के कमीच गेलाय. म्हणून पैशातले आकडे आधी किंमत निर्देशांकाने भागून घ्यायचे, तेही आपल्या मालाच्या, सरसकट महागाईच्या नव्हे. आणि कारखान्यातून निघालेला माल म्हणजे विकलेला माल नाही हो. वर्षअखेरीला स्कीम लावून डीलरच्या गोडाउनात माल कोंबायचा, मार्चचा शेअर झकास, मग एप्रिल-मेमध्ये एक ऑर्डर नाही. हे पाप आम्हीही केलंय.

अजून एक, ज्याच्यावर बातमीत कधीच कोणी बोलत नाही. समजा दोन भाग आहेत, एकात तुमचा शेअर 30 टक्के, दुसऱ्यात 10, बाजार दोन्हीकडे निम्मा निम्मा, म्हणजे एकूण 20. पुढच्या वर्षी बांधकाम दुसऱ्या भागाकडे सरकलं, 30-70 झालं, आणि दोन्हीकडे तुमची टक्केवारी आहे तेवढीच राहिली, तरी एकूण शेअर 16 वर येतो. एकाही सेल्समनने काही गमावलेलं नाही आणि बातमी येणार, कंपनीची पीछेहाट! भागवार परवानग्या बघितल्या असत्या तर दहा मिनिटांत कळलं असतं.

उलटंही होतं. अमेरिकेत 2005 मध्ये सुमारे 20.7 लाख घरांची कामं सुरू झाली, 2009 मध्ये फक्त 5.5 लाखांच्या आसपास. असा बाजार कोसळतो तेव्हा एखाद्या कंपनीची विक्री निम्मी होऊनही शेअर वाढू शकतो, कारण बाकीचे तिच्याहून जास्त पडलेले असतात. त्या वाढलेल्या शेअरवर पगार होत नाहीत.

आणि व्याख्येचा खेळ सगळ्यात सोपा. सगळ्या पाइपांत चौथे असाल तर फक्त गरम पाण्याच्या पाइपांत बघा, तिथेही दुसरे असाल तर 'ब्रँडेड' शब्द जोडा, छेद बारीक करत गेलं की कुठेतरी नंबर वन येतोच. प्रेस नोट अशाच बनतात, मीही बनवल्यात.

तेव्हा एवढंच करा, तो गोल चार्ट छापताना खाली बारीक अक्षरात लिहा, टनात की पैशात, कारखान्यातून निघालेला की दुकानातून विकलेला, आणि एकूण बाजार कुठून काढला. कंपनीच्या माणसाला फोनवर विचारलंत तरी चालेल, पहिल्या दोनची उत्तरं तो लगेच देईल, तिसऱ्याला म्हणेल मेल करतो.

आपला,
एक जुना प्लॅनिंगवाला