शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेच्या भीतीपेक्षा ‘मला खाण्यावर ताबा ठेवता आला नाही’ ही खंतच तुला अधिक छळते आहे, हे वाचून मन अस्वस्थ झाले. वजन घटू लागले की शरीर ते परत मिळवण्यासाठी झटते. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक रक्तात वाढते आणि विश्रांतीतही खर्च होणारी ऊर्जा कमी होते. म्हणूनच तीव्र स्थूलतेत केवळ आहार-व्यायामाने उतरवलेले वजन बहुतेकांना टिकवता येत नाही. यात तुझ्या निश्चयाचा दोष कुठे आला?

तुला स्लीव्ह शस्त्रक्रिया सुचवली आहे. तीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून अरुंद नळी ठेवतात. घ्रेलिन मुख्यतः तयार करणारा भागही त्यासोबत जातो, त्यामुळे भूकच मंदावते. परंतु तुला वर्षानुवर्षे छातीत जळजळ होते आणि स्लीव्हनंतर ती वाढू शकते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दुसरा पर्याय जठराच्या बायपास शस्त्रक्रियेचा. तीत जठराच्या वरच्या टोकाची सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करून थेट लहान आतड्याला जोडतात; त्याने जळजळ बहुधा कमी होते, आणि मधुमेहात साखर तर पुष्कळदा वजन उतरण्याआधीच सुधारते. म्हणून आधी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका व जठराची तपासणी, करून घे आणि ‘माझ्यासाठी बायपास का नको?’ हे शस्त्रवैद्यांना स्पष्ट विचार.

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केल्याने छेद लहान राहतात, वेदना कमी होतात आणि माणूस लवकर चालू-फिरू लागतो, हे खरेच. तरी पोटाच्या आत होते ती मोठीच शस्त्रक्रिया. शिवलेल्या जागेतून गळती, रक्तस्राव, पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, हे धोके थोड्यांनाच गाठतात, पण घरी आल्यावर नाडी जलद झाली, ताप आला, धाप लागली किंवा पोटदुखी वाढली, तर सकाळची वाट पाहू नकोस, लगेच रुग्णालय गाठ.

धूम्रपान आजच बंद कर, कारण बायपासनंतर त्याने जोडाच्या जागी व्रण होऊ शकतात. पुढे बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागेल, ठरावीक काळाने रक्त तपासावे लागेल. मधुमेहाच्या औषधांची मात्राही शस्त्रक्रियेनंतर लगोलग बदलावी लागते. ती कोण पाहणार, हे आधीच विचारून ठेव.

एंडोस्कोपीचा अहवाल आला की मला पाठव. शस्त्रवैद्यांकडे जाण्याचा दिवस ठरला की कळव, मी तुझ्याबरोबर येईन.

तुझा मित्र