लडाख शिकवायचा तर आष्टी-पाटोद्यापासून

मा. संपादक,

भूगोलाच्या तासाला लडाख म्हणजे ‘थंड वाळवंट’ एवढं पाठ करून घेतलं की पान उलटतं. पण पर्जन्यछाया काय असते, हे बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याच्या पोरांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. आपला पाऊस सह्याद्री अडवतो, लडाखचा हिमालय. भिंतीवर खडूने दोन उभ्या रेघा ओढाव्यात: मराठवाड्याची ७० सेंटिमीटर, लेहची १० सेंटिमीटर. वर्षाचा पाऊस साधारण एवढाच.

तुलना मात्र इथंच थांबवावी, नाहीतर तिथली शेतीही मृगाची वाट बघते असं मुलांना वाटतं. तिथं सातू पिकतो तो वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. पेरणी एप्रिल-मेमध्ये, आणि उंचावरच्या हिमनद्या तेव्हा नीट वितळलेल्या नसतात. म्हणून हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी गावाच्या वर, पण हिमनदीच्या बरंच खाली गोठवून ठेवतात. खालचा बर्फ आधी वितळतो. चेवांग नॉर्फेल या अभियंत्याला २०१५ साली पद्मश्री मिळाली ती अशाच कृत्रिम हिमनद्यांसाठी.

उंची दाखवायला मातीचा डोंगर नको. जो तो मनाला येईल तेवढा उंच करतो. किराणा दुकानातल्या खोक्याचा पुठ्ठा घ्यावा, एक थर म्हणजे ५०० मीटर. छत्रपती संभाजीनगर एका थराच्या किंचित वर, लेह सात थर, लडाखची खारदुंग ला खिंड जवळपास अकरा. जाड-पातळ पुठ्ठे मिसळले की प्रमाण बिघडलंच.

‘लेहच्या हवेत प्राणवायूचं प्रमाण कमी’ हेही शिकवू नये. प्रमाण २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं आणि कुकर नसेल तर डाळ शिजता शिजत नाही.

माणसांबद्दल पुस्तकी दोन ओळी पुरत नाहीत. लेहकडे बौद्ध जास्त, कारगिलकडे मुस्लिम. चांगथांगच्या पठारावर शेळ्या-मेंढ्या, याक राखणारे चांगपा. आपल्याकडे धनगर मेंढरं कातरतात, ते मुलांनी पाहिलेलं असतं. चांगपांच्या शेळ्यांची पश्मिना लोकर तशी निघत नाही. हिवाळ्यासाठी शेळीला आलेली आतली मऊ लव थंडी सरल्यावर सुटू लागते, तेव्हा ती फणीने विंचरून घेतात. कातरली तर वरचे राठ केसही सोबत येतात आणि मग ते निवडत बसावं लागतं.

– भूगोल शिक्षक, बीड जिल्हा