वाहिनी टाकण्याआधी पाण्याची मोजणी हवी

माननीय संपादक,

सखल निवासी रस्त्यावर पाणी तुंबले की मोठ्या व्यासाच्या पर्जन्यजलवाहिनीची मागणी होते. परंतु त्या रस्त्याकडे कोठून व किती पाणी येते, याची मोजणी क्वचितच झालेली असते. एका हेक्टरवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५ लाख लिटर पाणी जमा होते. मोकळ्या मातीत त्यातील बराच भाग मुरतो. आवारे काँक्रीटने झाकली की जवळपास सगळेच पाणी रस्त्यावर येते.

समान उतारावर व्यास दुप्पट केल्यास वाहिनीची वहनक्षमता सुमारे सहापट होते, हे खरे. मात्र पुढचा नाला अरुंद असेल किंवा त्याच्या मुखाशी, म्हणजे त्याचे पाणी जिथे बाहेर पडते तिथे, पाण्याची पातळी चढलेली असेल, तर ही क्षमता वाया जाते आणि पाणी मागे फिरून घरांत शिरते. म्हणूनच काम नाल्याच्या मुखापासून सुरू करून वर रस्त्याकडे न्यावे, असा माझा आग्रह आहे.

डांबराचा जुना थर न खरवडता नवा चढवल्याने रस्ता उंबऱ्यांपेक्षा उंच होतो, तेही थांबले पाहिजे. रस्त्यावरचे पाणी वाहिनीत उतरवणाऱ्या जाळीच्या तोंडाशी पाने व पिशव्या अडकल्या, तर खालची वाहिनी अर्धी रिकामी असूनही वर गुडघाभर पाणी साचते. तेव्हा साफसफाईची तरतूद मूळ आराखड्यातच असावी.

निविदेपूर्वी पातळी-सर्वेक्षणाचा, म्हणजे कोणती जागा किती उंच वा सखल आहे हे दाखवणारा, नकाशा रहिवाशांपुढे ठेवावा, कारण कोणत्या भिंतीवर पाणी कुठवर चढते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

— एक रहिवासी