युनिव्हर्सिटी रोडवरचे साहनी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज विचारलंस, "बाबा, इथे लखनौला बँकेत जाताना युनिव्हर्सिटी रोडवर बीरबल साहनी नावाची एक संस्था लागते. हे तुमच्या पुस्तकातलेच का?" इकडे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, मी नुसतं "हो" म्हणालो. फोन ठेवल्यावर माझा मलाच राग आला. जन्मभर वनस्पतीशास्त्र शिकवून पोट भरलं आणि जीवाश्म वनस्पतींचा एवढा अभ्यास करणाऱ्या साहनींबद्दल विचारल्यावर तोंडातून एक अक्षर निघालं. म्हणून हे पत्र. मोबाईलवर एवढं टाइप करणं मला जमत नाही, आणि लांबलचक मेसेज तू अर्धाच वाचतोस हे मला माहीत आहे.

सुरुवात आपल्या घरापासून करतो. मागचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून आई जो करडा दगड टेकवून ठेवते, तो आठवतो का? तो छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलाँचा आहे. मुलांची सहल घेऊन गेलो होतो तेव्हा पिशवीत घालून आणला. तू तेव्हा दुसरी-तिसरीत असशील. त्या दगडाने तू बदाम फोडायचास. ते लाकूड आहे, बाळा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या या भागावर लाव्हाचे थर एकावर एक पसरत होते. दोन उद्रेकांच्या मधे मोठा खंड पडायचा. तेवढ्यात तळी साचायची, काठाला ताड वाढायचे, पाण्यावर शेवाळी-नेचे तरंगायचे. पुढचा लाव्हा आला की सगळं गाडलं जायचं. पाण्यातली सिलिका लाकडात मुरून पेशीन् पेशी दगडाची झाली. भिंगाखाली धरलास तर आजच्या ताडाच्या खोडासारखे ठिपके दिसतील.

मोहगावच्या या दगडांवर साहनींनी रोडे नावाच्या संशोधकाबरोबर १९३७ साली निबंध लिहिला. तिथे निपा नावाच्या ताडाचं फळ सापडलं होतं. निपा आज कुठे वाढतो? सुंदरबनाच्या खाऱ्या चिखलात. म्हणजे आज जिथून समुद्र शेकडो मैल दूर आहे, त्या छिंदवाड्याजवळ तेव्हा कुठून तरी खारं पाणी येत असलं पाहिजे. एका फळावरून एवढं! मी वर्गात हे सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

तर हे बीरबल साहनी. जन्म १४ नोव्हेंबर १८९१, पंजाबातल्या भेरा गावी, आता ते पाकिस्तानात आहे. वडील रुचिराम साहनी लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक. मुलाने आय.सी.एस. व्हावं अशी त्यांची इच्छा होती. मुलाचं म्हणणं असं की आज्ञा असेल तर जातो, पण माझी आवड विचाराल तर वनस्पतीशास्त्र. वडिलांनी आज्ञा केली नाही. (आपल्याकडे गोष्ट नेमकी उलटी झाली. मला वाटायचं तू वनस्पतीशास्त्र घ्यावंस, तू बँकेची परीक्षा दिलीस. मीही आज्ञा केली नाही, पण आठ दिवस तोंड पाडून बसलो होतो, ते तुझ्या आईला विचार.)

केंब्रिजला ते तिथले वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक सीवर्ड यांच्या हाताखाली शिकले. परत आल्यावर थोडा काळ बनारस, थोडा काळ लाहोर, आणि १९२१ साली लखनौ. तिथे ते वनस्पतीशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, ते मरेपर्यंत लखनौचेच राहिले. राजमहालच्या टेकड्यांत, आताच्या झारखंडमधे, पान एकीकडे, खोड दुसरीकडे, फूल तिसरीकडे असं विखुरलेलं सापडायचं. त्या तुकड्यांतून अख्खं झाड उभं करायचं हे त्यांचं काम. असं एक झाड उभं केल्यावर त्याला त्यांनी आपल्या गुरूचं नाव दिलं, विल्यमसोनिया सीवर्डियाना. १९३६ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

१९३३ पासून ते विज्ञान शाखेचे डीन होते. डीन म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर काय येतं मला ठाऊक आहे: सह्या, बैठका, दाराशी शिपाई. साहनी डीन असतानाही बी.एस्सी.च्या पोरांचे तास स्वतः घेत. १९४३ साली भूशास्त्राचा विभाग उभा केला तेव्हा तोही त्यांनीच सांभाळला. आमच्या विभागात एक जुने सर सांगायचे की साहनी फळ्यावर दोन्ही हातांनी एकाच वेळी चित्र काढत, डावी बाजू डाव्या हाताने, उजवी उजव्या हाताने. मी घरी पाटीवर करून पाहिलं होतं. माझा डावा हात जेमतेम मुळा काढायचा.

आता एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही ती सांगतो. विभागप्रमुख झाल्यावर पहिल्याच वर्षी मी एफ.वाय.चा वर्ग सोडला. नव्या आलेल्या मुलीकडे दिला. कारण सांगितलं कामाचं. खरं कारण एवढंच की शंभर पोरांच्या गोंगाटात पुन्हा पुन्हा पेशीभित्तिका शिकवायचा कंटाळा आला होता. आणि एम.एस्सी.च्या बारा मुलांसमोर मोठं वाटायचं. त्याच वर्षी कधीतरी साहनींचं हे बी.एस्सी.चं वाचनात आलं. पुस्तक मिटून ठेवलं. तरी वर्ग परत मागितला नाही, हेही लिहून टाकतो.

तू बँकेतला, म्हणून तुझ्यासाठी एक खास. १९३६ साली रोहतकजवळच्या खोक्राकोट टेकाडावर साहनींना मातीचे साचे सापडले. ते नाणी ओतायचे साचे होते, यौधेय नावाच्या जुन्या गणराज्याच्या काळचे. दुसऱ्या कुणी वनस्पतीशास्त्रज्ञाने ते संग्रहालयात देऊन टाकले असते. हा गृहस्थ बसला, साच्यांच्या चकत्या एकावर एक कशा रचत, धातू मधल्या नळीतून कसा जाई, हे सगळं लावत बसला. प्राचीन भारतात नाणी कशी ओतत यावर १९४५ साली त्यांनी पुस्तक लिहिलं. तुकड्यांवरून अख्खी वस्तू! मला तर यात झाडं आणि नाणी असा फरकच दिसत नाही.

चुकलेही. पंजाबातल्या मिठाच्या डोंगरांचं वय त्यांनी मिठात सापडलेल्या लाकडाच्या बारीक कणांवरून फार अलीकडचं ठरवलं, त्यावरून मोठा वाद झाला, आणि पुढे ते मत टिकलं नाही. ते थर फार प्राचीन ठरले. आपल्या दख्खनच्या दगडालाही त्यांनी आजच्या मोजणीपेक्षा थोडं तरुण धरलं होतं. परीक्षेत हे कुणी लिहीत नाही. मी मात्र वर्गात मुद्दाम सांगायचो.

आता तू रोज ज्या इमारतीवरून जातोस तिच्याबद्दल. जीवाश्म वनस्पतींसाठी स्वतंत्र संस्था हवी हे त्यांचं वेड. १९४६ साली ती सुरू झाली. ३ एप्रिल १९४९ रोजी नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली. पायाचा दगड साहनींनीच तयार करवून घेतला होता, निरनिराळ्या देशांतले जीवाश्म त्यात बसवून. आणि त्यानंतर आठवडाही झाला नाही, ९ एप्रिलच्या रात्री हृदयविकाराने ते गेले. वय सत्तावन्न. पुढल्या वर्षी स्टॉकहोमला भरणाऱ्या जागतिक वनस्पतीशास्त्र परिषदेचं अध्यक्षपद त्यांना द्यायचं ठरलं होतं.

इमारत उभी राहिलेली त्यांनी पाहिली नाही. त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंनी पाहिली. त्या काही शास्त्रज्ञ नव्हत्या, पण नवऱ्याच्या मागे संस्थेची धुरा त्यांनी घेतली, पैसा जमवला, इमारत पुरी केली. १९५३ च्या जानेवारीत नेहरू पुन्हा आले ते उद्घाटनाला. आमच्या पुस्तकांत सावित्रीबाईंवर एक ओळ असायची. साहनींची समाधी त्याच आवारात आहे.

एखाद्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आत जा. वॉचमनने अडवलं तर संग्रहालय बघायचंय म्हण. तो पायाचा दगड नीट बघ, घाईने नको. त्यात करडा, काचेसारखा चकाकणारा, ठिपक्या-ठिपक्यांचा एखादा तुकडा दिसला तर फोटो काढून पाठव. मी तो आपल्या मागच्या दाराच्या दगडाशी ताडून बघतो. आईला सांगून ठेवलंय, तोवर दुसरी वीट टेकवायची.

तिने तुझ्यासाठी सांडगे आणि कुरडया बांधून ठेवल्या आहेत. शेजारचे पुढच्या आठवड्यात लखनौला येणार आहेत, त्यांच्याकडे देतो. तळताना तेल चांगलं तापू दे.

तुझा,
बाबा