पंधरा किलो रिकामे सोडायचे आणि सात किलोवरून भांडायचं

संपादक साहेब, स.न.वि.वि.

सध्या लग्नसराई आणि सुट्ट्या एकदमच आल्यात, पुणे मुंबई नागपूर कुठल्याही एअरपोर्टला जा, जत्रा असते. म्हणून म्हटलं या विषयावर एकदा लिहूनच टाकावं. बॅग चेक-इनला द्यायची की केबिनमध्ये सोबत न्यायची, एवढाच प्रश्न आहे, पण यावरून घरात निघायच्या आदल्या रात्री जी वादावादी होते ती सगळ्यांना माहितीये.

माझं स्पष्ट मत असं की फॅमिलीने किंवा वयस्कर माणसांनी प्रवास करताना मोठी बॅग सरळ चेक-इनला द्यावी आणि हातात एक छोटी सॅक ठेवावी. देशातल्या देशात साध्या इकॉनॉमी तिकिटावर बहुतेक ठिकाणी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन मिळतं, म्हणजे त्या पंधरा किलोचे पैसे तुम्ही तिकिटातच भरलेले असतात. तरी लोक ते पंधरा किलो तसेच सोडून देतात आणि सगळा संसार त्या सात किलोच्या बॅगेत कोंबतात, आणि ती भरते अकरा किलो. (नुसत्या हँडबॅगेचं स्वस्त तिकीट काढलं असेल तर गोष्ट वेगळी, पण तिकीट काढताना तेवढं नीट बघून घ्या, कारण काउंटरला जाऊन बॅग वाढवली की वाचवलेले पैसे तिथेच जातात.) एका दिवसाच्या कामाला दिल्लीला जाऊन येणाऱ्या ऑफिसवाल्याने केबिन बॅगच न्यावी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण चौघांचं कुटुंब चार चाकांच्या बॅगा घेऊन विमानात शिरतं तेव्हा काय होतं ते एकदा बघा.

१८० सीटचं विमान धरा, प्रत्येकाने फक्त सात किलो आणलं तरी साडेबाराशे किलोच्या वर सामान डोक्यावरच्या कप्प्यात जायला हवं, आणि सगळ्यांच्या चाकांच्या बॅगा तिथे मावतच नाहीत. मग काय होतं, पुढे चढलेला माणूस आपली बॅग आडवी टाकून मोकळा होतो, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तसं. मागून आलेल्याला कप्पा मिळतो सहा रांगा मागे, आणि उतरताना तो माणूस गर्दीच्या उलट दिशेने बॅग आणायला निघतो. मागे एकदा माझ्या पुढच्या रांगेत सत्तरीच्या एक आजी होत्या, एकट्याच, बॅग वर टाकता येईना, हात पोचेना, मागे लाइन तटलेली, एअर होस्टेस पलीकडे, शेवटी एका कॉलेजच्या पोराने उचलून ठेवली तर आतली बरणी त्याच्या डोक्यावर येता येता राहिली. आजींना मुलानेच सांगितलं होतं म्हणे, आई चेक-इनला देऊ नकोस, उतरल्यावर बॅगेसाठी बेल्टपाशी उभं राहावं लागतं. अहो, बेल्टजवळ ट्रॉली असते, मदतीला माणूस असतो, विमानातल्या त्या अरुंद वाटेत कोण असतं?

छोट्या विमानांचं तर विचारूच नका. आपल्याकडे छोट्या शहरांना बऱ्याचदा एटीआर नावाचं छोटं विमान जातं, त्याचे कप्पे इतके बुटके की चाकांची बॅग बसत नाही, दारातच टॅग लावून काढून घेतात. तिथे लोकांची तारांबळ उडते कारण पॉवर बँक, गोळ्या, चष्मा, दागिने सगळं त्याच बॅगेत तळाला असतं आणि मागे रांग लागलेली असते. बॅग दारात काढून घेतली की ती खाली सामानातच जाते, म्हणजे पॉवर बँक त्यातून आधी काढायलाच पाहिजे.

खरं तर कुठली बॅग यापेक्षा कुठल्या बॅगेत काय, हे जास्त महत्त्वाचं आहे आणि तेच कोणी नीट सांगत नाही. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेत. लोकांना वाटतं हा उगाच त्रास आहे, पण त्याला कारण आहे, बॅटरी तापून पेटली तर केबिनमध्ये निदान कोणाला तरी दिसते आणि विझवता येते, खाली कार्गोत कोण बघणार. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान उडण्याआधीच पेटलं, आग वरच्या कप्प्यातून सुरू झाली आणि तपासात बोट पॉवर बँककडेच गेलं. नशीब, सगळे बाहेर पडले. त्यानंतर कोरियाने १ मार्च २०२५ पासून पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायलाच बंदी केली, अंगावर नाहीतर सीटजवळ ठेवायची. तेव्हा केबिन बॅगेत ठेवली म्हणजे काम झालं असं नाही, ती हाताशी पाहिजे.

दुसरी आपली खास मराठी भानगड म्हणजे खोबरं. मुलाकडे चाललोय म्हणून मसाल्यासाठी खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनच्या बॅगेत टाकतात आणि मग एक्स-रेला बॅग अडकते, नावाची अनाउन्समेंट होते, काकू खाली जाऊन कुलूप उघडून वाट्या काढून देतात. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून ते धोकादायक मालात मोडतं. किसून, भाजून मसाला करूनच न्या ना, नाहीतर तिकडेच विकत घ्या, आता सगळीकडे मिळतं. लोणच्याची बरणी मात्र चेक-इनलाच द्या, दोन पिशव्यांत घट्ट बांधून, कारण परदेशी जाताना हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वरची ओली वस्तू सिक्युरिटीला ठेवून घेतात. सोनं, रोकड, बीपी-शुगरच्या गोळ्या, घराच्या किल्ल्या, कागदपत्रं आणि एक कपड्यांचा जोड हे कायम आपल्यापाशी.

आता चेक-इनवर लोकांचा विश्वास नाही हेही खरंच आहे आणि त्यात लोकांची चूक नाही. बॅगा आपटतात, चाकं तुटतात, कधी बॅग दुसऱ्याच गावाला जाते. देशांतर्गत प्रवासात बॅग हरवली तर एअरलाइनची जबाबदारी कमाल २०,००० रुपये. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल कराराप्रमाणे ही मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) झालीये, म्हणजे दीड-दोन लाखांच्या घरात, पण ती मर्यादा आहे, तेवढे हातात पडतीलच असं नाही. म्हणून काय करायचं तर बॅग देण्याआधी तिचा आणि आतल्या सामानाचा मोबाइलवर फोटो काढा, जुने टॅग आणि बारकोडचे स्टिकर सोलून टाका, आणि बॅग आली नाही किंवा फुटून आली तर हॉलच्या बाहेर पाय टाकण्याआधी काउंटरला पीआयआर नावाचा बॅगेच्या तक्रारीचा फॉर्म भरून त्याची कॉपी घ्या. घरी जाऊन फोन करू म्हणणारे मग चार महिने फोनच करत बसतात. फुटलेल्या बॅगेची लेखी तक्रार ७ दिवसांत, उशिरा आलेल्या बॅगेची २१ दिवसांत, हे लक्षात ठेवा.

बेल्टवर थांबावं लागतं ही तक्रार तर सरकारलाही मान्य आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बीसीएएसने (विमानतळांची सुरक्षा बघणारं सरकारी खातं) सात एअरलाइन्सना तंबी दिली होती की इंजिन बंद झाल्यापासून १० मिनिटांत पहिली बॅग आणि ३० मिनिटांत शेवटची बॅग बेल्टवर आली पाहिजे. चांगली गोष्ट आहे, पण प्रवाशाला हे कळणार कसं? बेल्टच्या स्क्रीनवर विमान किती वाजता लागलं आणि शेवटची बॅग किती वाजता आली हे दाखवा की, मग लोक स्वतःच हिशोब मागतील.

आणि एक गोष्ट राहिली, ती जास्त गंभीर. ३ ऑगस्ट २०१६ ला तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेलं एमिरेट्सचं विमान धावपट्टीवर घसरून पेटलं, आतले ३०० जण वाचले (आग विझवणारा एक जवान मात्र गेला), पण धुरात लोक वरून बॅगा काढतायत तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदाला जपान एअरलाइन्सचं विमान पेटलं तेव्हा ३७९ जण सामान तिथेच सोडून बाहेर पडले आणि सगळे जगले. पासपोर्ट, पैसे आणि औषधं अंगावरच्या छोट्या पाऊचमध्ये असतील तर वरच्या बॅगेकडे हात जायचं कारणच उरत नाही.

एअरलाइन्सना माझ्या दोनच मागण्या. एक, बॅग मापायचा तो पिंजरा आणि वजनकाटा एंट्रीजवळच ठेवा, बोर्डिंग गेटवर नको, तिथे पोचेपर्यंत माणसाच्या हातात काही उरत नाही आणि पैसे मात्र वाढीव द्यावे लागतात. दोन, महाराष्ट्रातून सुटणाऱ्या आणि इथे येणाऱ्या फ्लाइटला पॉवर बँक, खोबरं, दागिने यांची सूचना मराठीतून तिकिटाच्या मेसेजमध्येच पाठवा, बॅग भरायच्या आधी.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे