पोत्यांच्या काट्यावरचं वजन : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीवर हिशेब लिहिते. माझं खरं वजन मला दवाखान्यात नाही, यार्डात कळलं. आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यातला काटा 120 किलोला संपतो. मी चढले की तो टोकाला जाऊन थरथरायचा आणि सिस्टर केसपेपरवर ‘120+’ लिहायच्या. दोन वर्षं हेच. शेवटी एकदा जेवणाच्या सुट्टीत, हमाल पांगल्यावर, तोलाईदार मामांनी मला राजापुरी हळदीची पोती मोजतात त्या काट्यावर उभं केलं. 132 किलो 400 ग्रॅम. मामा काही बोलले नाहीत. कागदाच्या चिठोऱ्यावर आकडा लिहिला आणि घडी घालून हातात दिला. बारदानाची, म्हणजे रिकाम्या पोत्याची, घट तेवढी धरली नाही.

माझी उंची पाच फूट एक इंच. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, निघाला 55. आपल्याकडचे डॉक्टर तेव्हा साधारण 37.5 च्या पुढे वजन कमी करायच्या ऑपरेशनचा विचार करायचे, शुगरसारखा आजार सोबत असला तर 32.5 पासूनच. मला शुगर होतीच. म्हणजे ती रेघ मी कधीच ओलांडली होती आणि केसपेपरवर नुसतं अधिकचं चिन्ह होतं. बीपीचंही तसंच. दंडाला पट्टा पुरायचा नाही, तरी ओढून बसवायचे. लहान पट्ट्यावर बीपी उगाच जास्त दिसतं, हे मला पुढे खासगी दवाखान्यात कळलं.

मिरजेत 1894 साली डॉ. वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून लांबलांबचे पेशंट तिथे येतात. मला तर शेअर रिक्षाने जाता आलं. एका खासगी दवाखान्यात वजन घटवायचं ‘स्लीव्ह’ ऑपरेशन केलं. त्यात जठराचा पाऊणहून थोडा जास्तच भाग काढतात. ठेव मोडली, पाटल्या गेल्या, त्याचं रडगाणं नको. पहिले काही दिवस औषधाच्या टोपणाने पाणी प्यायले. घोट मोठा झाला की छातीत दगड बसल्यासारखं व्हायचं. सासूबाई म्हणाल्या, “पैसे देऊन उपास विकत घेतलास.” त्यांचं अगदीच चुकलं नव्हतं.

आज माझं वजन 84 आहे, शुगरची गोळी बंद आहे. पण केस मुठीने गळाले, नंतर पायांना मुंग्या यायला लागल्या. बी-12 जीवनसत्त्व तळाला गेलं होतं. जठर कापल्यावर शरीराला ते नीट शोषून घेता येत नाही. म्हणून बी-12, लोह, कॅल्शियम, रक्ताच्या तपासण्या हे सगळं आता जन्मभर. ऑपरेशनचे पैसे माणूस एकदा कुठूनही उभे करतो. दर काही महिन्यांनी लॅबचं बिल आलं की मात्र ‘पुढच्या वेळी करू’ होतं, आणि मुंग्या तिथूनच सुरू होतात.

साहेब, फुकट ऑपरेशन मी मागत नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात 200 किलोपर्यंतचा काटा आणि मोठ्या दंडाचा पट्टा द्या. जिल्हा पातळीवर आठवड्यातून एक दिवस आमच्यासारख्यांची ओपीडी ठेवा, तिथे आहारतज्ज्ञ असावा आणि या तपासण्या व्हाव्यात. यार्डात दिवसाला जेवढी हळद तोलली जाते, त्यापुढे हा खर्च किरकोळ आहे.

परवा त्याच दवाखान्यात गेले होते. तो काटा आता मला पुरतो. माझ्यामागे रांगेत एक कॉलेजची मुलगी होती, अंगाने माझ्या तेव्हाच्या सारखी. तिचा नंबर आला तेव्हा तिने काट्याकडे पाहिलं, सिस्टरना “घरी करते” म्हणाली आणि चप्पल घालून निघून गेली.

आपली,
सांगलीची एक पेशंट