नवऱ्याची सही कायद्यात कुठंय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत राज्याची हद्द ओलांडली की गर्भपाताचा कायदा बदलतो हे आपण बातम्यांत बघतोच, जून 2022 ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क देणारा 1973 चा निकाल फिरवला आणि आता टेक्सासच्या बायकांना गाडी काढून शेजारच्या न्यू मेक्सिकोत जावं लागतं. आपल्याकडे आख्ख्या देशाला एकच कायदा आहे, 1971 चा, पण पुण्यात मात्र दवाखाना बदलला की नियम बदलतो, हे मी मागच्या महिन्यात स्वतः बघितलं म्हणून हे पत्र.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंना आठवा आठवडा होता. दोन मुलं आहेत, तिसरं नको, नवरा ट्रकवर, त्याचा फोन चार-चार दिवस लागत नाही. कोथरूडमधल्या एका हॉस्पिटलात मी त्यांच्यासोबत गेले. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे सरकवला, छापील मजकुराखाली निळ्या पेनाने लिहिलेलं, "पतीची सही". मी म्हणलं कायद्यात असं काही नाही, बाई अठराच्या वर असेल तर फक्त तिची संमती लागते, तर म्हणाली मॅडम आमच्याकडे लागतेच. दुसऱ्या ठिकाणी नवऱ्याचं आधार कार्ड मागितलं. या सगळ्यात दहा दिवस गेले आणि नऊ आठवड्यांपर्यंत जे गोळ्यांनी झालं असतं त्यासाठी ताईंना तिसऱ्या दवाखान्यात ॲडमिट होऊन पिशवी साफ करून घ्यावी लागली. दोन दिवसांचा खाडा झाला, पैसे गेले ते वेगळेच.

29 सप्टेंबर 2022 च्या निकालात आपल्या सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की घरच्यांची संमती, जास्तीची कागदपत्रं असल्या कायद्याबाहेरच्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत. त्याच निकालाने 20 ते 24 आठवड्यांत गर्भपात करण्याची सोय लग्न न झालेल्या मुलींनाही मिळाली. 20 आठवड्यांपर्यंत तर एकाच डॉक्टरचं मत पुरतं.

डॉक्टरांना भीती वाटते हे मला कळतं, उद्या नवरा येऊन भांडेल, पोलीस केस होईल. पण त्या भीतीची किंमत बाईने का भरायची? आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार 2012 मध्ये आयर्लंडमध्ये वारली, सतरा आठवड्यांचं पोट, बाळ वाचणार नाही हे माहीत होतं तरी ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात केला नाही आणि तिला सेप्सिस झालं, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर पसरला. तिथल्या लोकांना 2018 ला मतदान करून घटना बदलावी लागली. आपल्याला काहीच बदलायचं नाहीये, कायदा पन्नास वर्षांपासून आहे, तो फक्त काउंटरपर्यंत पोचवायचाय.

प्रत्येक सोनोग्राफी सेंटरात "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" असा बोर्ड असतो आणि तो हवाच. पण तो वाचून कितीतरी बायकांना वाटतं की खाली करणंच गुन्हा आहे, ताईंनाही तेच वाटत होतं, पहिल्या दिवशी रिक्षात त्या मला हळूच विचारत होत्या, पोलीस तर येणार नाहीत ना. महापालिकेच्या आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की गर्भपाताची मान्यता असलेल्या प्रत्येक दवाखान्यात त्या बोर्डाशेजारी दुसरा बोर्ड लावायला सांगा, मराठीत, मोठ्या अक्षरात: सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे, पतीची सही लागत नाही.

आपली नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे